लिंबाखालची दुपार

देवकते बाईंच्या हाताखाली मी जितकी वर्षं काढली, त्यातली निम्मी उकिडवं बसून काढली असतील. माझी नेमणूक ड्राफ्ट्समन म्हणून झाली होती. ड्राफ्ट्समनला खुर्ची असते, उतरतं टेबल असतं, डोक्यावर पंखा असतो, असा माझा समज होता. कामावर रुजू होऊन आठवडाही झाला नसेल, बाई मला भर उन्हात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर घेऊन गेल्या. पिशवीतून गोणपाटाचे दोन तुकडे काढले, एक माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, "बस."

मी विचारलं, "मोजमापं कधी घ्यायची, बाई?"

"आधी बसून तर बघ. जागा उभ्यानं कळत न्हाई."

दुपारभर आम्ही तिथं बसलो. एका हमालानं आमचं काही हरवलंय का म्हणून चौकशी केली. एका गायीनं बाईंची पिशवी हुंगली आणि त्यातला कागद ओढायला लागली. माझ्या गल्लीतल्या एकानं मला तिथं पाहिलं आणि संध्याकाळी घरी बातमी पोचवली, की तुमच्या सुधाकरची नोकरी गेली दिसते, एका बाईसोबत रस्त्यावर बसलाय. आईनं त्या दिवशी देवाला दिवा लावताना जरा जास्तच वेळ लावला.

बाईंचं पूर्ण नाव सुमन देवकते. शिकलेल्या वास्तुविशारद. जुन्या जालन्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. जिना चढताना खालच्या मिरचीचा ठसका लागायचा, त्यामुळं आमच्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक खोकतच आत यायचं. बंगल्यांची कामं बाई पोटासाठी करत. चौक, बाजार, पाणवठा, बसथांबा, जिथं कोणीही येऊन टेकेल अशी कामं त्या जिवासाठी करत, आणि त्या कामांनीच त्यांचा जीव खाल्ला. सकाळी ऑफिसात आल्या की लोक नमस्कार म्हणतात तसं त्या म्हणायच्या, "लई थकले बा." मग पिशवी टेबलावर टाकून जे कामाला लागत, ते दिवेलागणीपर्यंत. थकवा हा त्यांच्या अंगातला ताप नव्हता, तो त्यांचा वर्ण होता. उंच, काळ्यासावळ्या, केस घट्ट बांधलेले, साडीखाली कॅनव्हासचे बूट. चहा बिनदुधाचा आणि तोही बशीत ओतून.

माहेर जाफराबादकडच्या एका खेड्यातलं, मेंढपाळांचं. वडील मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ रानोमाळ फिरत. सगळ्या भावंडांत ही एकटी पोर अभ्यासात हुशार निघाली, म्हणून यशवंतमामानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि शाळेत घातलं. भाऊ आता कापूस-सोयाबीन करतात. बाईंची भाषा नोकरीसाठी पुण्यात कितीतरी वर्षं राहूनही तिळभर बदलली नव्हती. एखादं नवं गिऱ्हाईक दबकत विचारायचं, "मॅडम, तुम्ही मूळच्या इकडच्याच का?" बाई म्हणायच्या, "मंग काय आकाशातून पडले?"

नकाशात झाडाचा शिक्का मारून मोकळं व्हायची सोय त्यांच्याकडं नव्हती. मी हिरवा गोल काढला की विचारायच्या, "हे कोणतं झाड?"

"झाड म्हणजे झाड, बाई."

"बाभळीची सावली येगळी आन् लिंबाची येगळी. नाव लिही."

एकदा मी चित्रात माणसं दाखवायची म्हणून हातात ब्रीफकेस घेतलेले दोन उंच पुरुष काढले. बाईंनी चष्मा वर केला. "हे दोघं कोण? जालन्यात कुठं पाह्यलेस?" मला ते खोडून डोक्यावर भारा घेतलेली एक बाई आणि दोन शेळ्या काढायला लावल्या. शेळ्या मला नीट जमल्या नाहीत. ते चित्र साहेबलोकांपुढं गेलं तेव्हा एकानं विचारलं, ही कुत्री कशाला दाखवलीत?

लग्नकार्यात बाईंना बोलावणं हे यजमानाच्या दृष्टीनं जोखमीचं काम होतं. मांडवात शिरल्या की त्या आधी खुर्च्यांकडं बघायच्या. रांगेत मांडलेल्या खुर्च्या त्यांच्यानं बघवत नसत. हळूच एक फिरवायच्या, मग दुसरी, मग शेजारच्या म्हाताऱ्याला उठवून त्याची. अक्षता पडेपर्यंत अर्ध्या मांडवाची पाठ स्टेजकडं झालेली असायची आणि लोक गप्पांत रंगलेले. फोटोवाला कपाळाला हात लावायचा. "लग्नात लोक नवरा-नवरी बघाया येत न्हाईत," बाई मला म्हणाल्या होत्या, "एकमेकायला बघाया येतात." यजमान मात्र पुढच्या वेळी त्यांना पत्रिका द्यायला विसरत.

पुण्याला त्या एका मोठ्या फर्ममध्ये होत्या. तिथं त्यांनी एक चौक आखला होता; कारंजं, हिरवळ, दगडी फरसबंदी. त्याचं एका मासिकात कौतुक छापून आलं, फोटोसकट. फोटोत माणूस नव्हता, फोटोवाल्यानं मुद्दाम पहाटे येऊन काढला होता. एका रविवारी बाई डबा घेऊन तिथं गेल्या, हिरवळीवर बसल्या, डबा उघडला, आणि शिट्टी वाजली.

"वॉचमन हातवारे करून राह्यला, उठा म्हणून. मीच काढलेली हिरवळ होती रे ती. पण शिट्टी वाजली आन् मी गपकन उठले. भाकर हातात तशीच."

सांगताना त्या हसायच्या, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. त्यानंतर लवकरच त्या सगळं आवरून जालन्याला आल्या. नवरा पुण्यातच राहिला. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या चुकत नसत असं मात्र नाही. वाटूरच्या फाट्यावर एका देणगीदाराला आईच्या स्मरणार्थ प्रवासी निवारा बांधायचा होता. बाई तिथं जाऊन नेहमीप्रमाणं बसल्या, मलाही बसवलं. निवारा झकास झाला. दाट सावली, टेकायला पाठ, रांजणासाठी कोनाडा. उद्घाटनाचे पेढे खाऊन आम्ही परतलो. महिन्याभरानं जाऊन पाहतो तर निवारा रिकामा, आणि त्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला सगळी माणसं डोक्यावर रुमाल टाकून उन्हात उभी. बाईंनी एका म्हातारीला विचारलं, "आजी, आत काहून बसत न्हाई?" म्हातारी म्हणाली, "आत बसलं की गाडी दिसत न्हाई ना बाई. आन् हात केला न्हाई तर डायवर थांबत न्हाई."

बाई आत जाऊन बसून आल्या. परतीच्या जीपमध्ये म्हणाल्या, "मी बसले व्हते रे, पण मला कुठं जायाचं नव्हतं." मग गाडी येते त्या बाजूच्या भिंतीला मोठी खिडकी पाडायचं ठरलं. नेमकी त्याच भिंतीवर देणगीदाराच्या आईच्या नावाची फरशी होती. "माझ्या आईच्या डोक्यात खिडकी पाडता?" म्हणून तो गृहस्थ ऑफिसात येऊन ओरडून गेला. बाईंनी त्याला बिनदुधाचा चहा दिला. खिडकी पाडली आणि लोक आत बसायला लागले. फरशी कोनाड्यावर गेली.

आता कुंभारखाणीबद्दल सांगायला हवं. खरं तर ते सांगायचा मला कंटाळा येतो, कारण सांगून झालं की जीव उगाच जड होतो. पण बाई म्हटल्या की कुंभारखाण आलीच.

गावाच्या एका कडेला एक खोलगट मैदान आहे. कधीकाळी कुंभार तिथली माती नेत, म्हणून ते नाव. पश्चिमेला कॉलनी, शेतीवाडी गावाकडं ठेवून नोकरीनिमित्त शहरात आलेल्यांची, पक्क्या घरांची. पूर्वेला वस्ती, पत्र्याच्या खोल्यांची. तिथले लोक कारखान्यात, कापसाच्या जिनिंगवर, बांधकामावर रोजानं जाणारे. मैदानाच्या मधोमध एक जुना कडुलिंब. चैत्र-वैशाखात जालन्यात पत्र्याखाली दुपारी बसून दाखवावं, म्हणजे मग त्या लिंबाची किंमत कळते. वस्तीतल्या ज्या बाया कामाला गेलेल्या नसत, त्या तान्ही पोरं, निवडायची भाजी, आजारी सासू असं सगळं घेऊन जेवणं झाली की लिंबाखाली येत आणि उन्हं कलल्यावर घरी जात. भोवती कचरा, फुटक्या बाटल्या, डुकरं. तरी सावली ती सावली.

कुठूनसा सुशोभीकरणाचा निधी आला आणि आराखड्याचं काम फिरत फिरत आमच्या माडीवर येऊन पोचलं. बाई पहिल्या दिवशी तिथं बसून आल्या आणि मला म्हणाल्या, "सुधाकर, बाकी काय बी होवो. ह्या बायायची दुपार जायला न्हाई पाह्यजे." त्यानंतर तीन उन्हाळे आम्ही त्या एका वाक्यामागं घालवले.

बाईंनी आधी काय केलं, तर कुठून कुठून दहा-बारा सुंभाच्या बाजा गोळा करून मैदानात नेऊन टाकल्या. शहागडच्या ढाब्यावर ट्रकवाले सावली सरकेल तशी बाज सरकवतात, ते त्यांनी पाहिलं होतं. बाजा टाकायच्या आणि लोक त्या कुठं ओढतात ते बघत बसायचं, हा आमचा अभ्यास. बायांनी लिंबाच्या बुंध्याशी ओढल्या. कॉलनीतले म्हातारे वाऱ्याच्या तोंडाला घेऊन गेले. एक बाज चोरीला गेली. मी तक्रार करू म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "आवडली म्हणून नेली असंल. चांगली खूण हाय."

कॉलनीचे अध्यक्ष बोराडे सर, निवृत्त मुख्याध्यापक. सफारी, हातात छत्री, बोलणं पाठ केल्यासारखं. त्यांना कारंजं हवं होतं. नळाला पाणी कधी येतं याची वाट बघत ज्या गावात बायका कान दारात ठेवून झोपतात, तिथं कारंजं! पण त्याहून जास्त त्यांना हवं होतं गेट. "मॅडम, गेट पाहिजे, भिंत पाहिजे. रात्री इथं दारुडे बसतात. माझ्या नातीला मी संध्याकाळी बाहेर सोडू शकत नाही." यात काही खोटं नव्हतं. बाईही त्यांना खोटं म्हणाल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्ही एक दुपार या."

सर आले. छत्री उघडीच ठेवून बाजेच्या कडेवर टेकले. तिथं कौसाबाई होती, वस्तीतल्या बायांची न नेमलेली पुढारीण. पन्नाशीची, जिनिंगवर सरकी झाडून झाडून दमा जडलेली, आणि दम्यामुळं कामाला जाता येत नसलं तरी तोंड बंद न पडलेली. "कोणत्या गावचे म्हणायचे, सर?" म्हणून तिनं सुरुवात केली. सरांचं गाव परतूरकडचं निघालं आणि कौसाबाईचं माहेर त्याच्या शेजारचं. मग काय, कोणाची विहीर, कोणाचा बैल, कोणत्या सालच्या पुरात काय वाहून गेलं. सरांची छत्री कधी मिटली ते त्यांनाही कळलं नाही. उठताना म्हणाले, "गेटचं नंतर बघू, मॅडम." बाई त्या दिवशी ऑफिसात येऊन पहिल्यांदा दुधाचा चहा प्यायल्या.

काम सुरू झालं. कचरा निघाला, दिवे आले, लोक जिथून ये-जा करत त्या पायवाटांवर फरशी पडली. संध्याकाळी माणसं फिरायला लागल्यावर दारुडे आपसूक दुसरीकडं गेले. कौसाबाईनं लिंबाखाली ओटा मागितला. "खाली इच्चू निघतात बाई, तान्ही लेकरं असतात." बाईंनी विटांवर विटा रचून बायांना बसवून बघितलं, पाय कुठं टेकतात, उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो का. मग बुंध्याभोवती काळ्या दगडाचा गोल, रुंद ओटा बांधला. इतका छान झाला, की गवंडी स्वतः दोन दिवस त्यावर जेवायला बसला.

तो उन्हाळा चांगला गेला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं सांगताना ते राहून जातं. वस्तीतल्या बाया यायच्या, मग कॉलनीतल्याही दोघी-तिघी मेथी घेऊन यायला लागल्या. कुरडयांचा चीक कोणाचा चांगला यावर भांडणं व्हायची. बोराडे सरांच्या नातीला कौसाबाईनं चिंचोके खेळायला शिकवलं. बाई अधूनमधून जायच्या, कडेला बसायच्या, काही न बोलता परत यायच्या.

पावसाळ्यात एका सकाळी ओट्यावर, बुंध्याला टेकून, एक शेंदूर लावलेला दगड दिसला. कोणी ठेवला, कोणालाच माहीत नाही. कोणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी नारळ, तिसऱ्या दिवशी उदबत्ती. पुढच्या आठवड्यात ओट्याच्या खाली चपला काढलेल्या दिसू लागल्या, आणि बाया ओट्यावरून उतरून खाली मातीत बसलेल्या.

देवकते बाई घाईघाईनं गेल्या. "कौसाबाई, खाली काहून बसल्या?"

"आता देव बसला म्हणल्यावर आपण कसं बसावं बाई? लेकरं मुततात, बायायचं काय काय असतं. पाप लागंल."

बाई त्या दिवशी ऑफिसात आल्या आणि बूटही न काढता खुर्चीत बसून राहिल्या. "गोल ओटा. वर लिंब. भोवती मोकळं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "मी मेंढक्याची पोर, आन् मला कळू नये? असा ओटा बांधून ठेवल्यावर देव आल्याशिवाय राहतोय व्हय? चौकोनी बांधायचा, मोडून बांधायचा, तुकड्या तुकड्यानं बांधायचा. अक्कल गेल्ती माझी." मी म्हटलं, तुमची काय चूक? तर माझ्यावरच खेकसल्या, "मंग कोणाची? देवाची?"

पुढचं भराभर झालं. दगडाभोवती कठडा आला. गुरुवारी भजन आलं. भजनाला आलेल्यांना कुत्र्यांचा त्रास व्हायला लागला, म्हणून भिंतीची चर्चा सुरू झाली, आणि भिंत म्हटल्यावर गेट. बोराडे सर आता मनापासून भाविक झाले होते. पत्नी गेल्यापासून त्यांना संध्याकाळ खायला उठायची. भजनानं ती भरून निघाली. त्यांच्यावर चिडावं तर चिडता येईना. आणि देव हलवा असं जालन्यात कोण कोणाला म्हणणार?

म्हणायची रीत होती, ती बाईंच्याच घराण्यात. मेंढपाळांचा देव त्यांच्याबरोबर चालतो. तळ पडला की झाडाखाली देव मांडायचा, तळ उठला की त्याला विचारून उचलायचा. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. दगडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ज्वारीचा एकेक ओला दाणा चिकटवायचा. उजवा आधी पडला तर देव चालायला राजी, डावा पडला तर नाही. बाईंनी बोराडे सरांपुढं हेच मांडलं. कॉलनीच्या बाजूला, कडेला देवाची चांगली घुमटी बांधून देते, ओटा बायांना राहू द्या. देवालाच विचारू. सर विचारात पडले, मग म्हणाले, "देवाला विचारायला माझी कशी हरकत असेल?"

कौल लावायला यशवंतमामा आला. पागोटं, कपाळाला भंडारा, खांद्यावर घोंगडी, पायांत जड वहाणा. सकाळी एसटीनं उतरून सरळ आमच्या माडीवर आला, ठसका लागून बराच वेळ खोकला. बाईंनी चहा दिला. मामानं बशी खाली ठेवली आणि आवाज बारीक केला.

"पोरी, दाणा कसा लावायचा ते हाताला ठाऊक असतंय. उजवा जरा कोरडा लावला की पहिला पडतोय. डाव्याला थोडं जास्ती पाणी. आमच्यात बी करतात, गरज पडली की. सांग, कसा लावू?"

मी बाईंकडं पाहत होतो. मनात म्हणत होतो, हो म्हणा. एकदा, फक्त एकदा.

बाई उठल्या, कपबशा गोळा केल्या, मोरीत नेऊन विसळल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बराबर लाव, मामा. दोन्ही सारखे ओले."

"मंग माझ्या नावानं बोंबलू नको."

"न्हाई बोंबलणार."

मामा खाली पान खायला गेला तेव्हा मी बोललोच. मी म्हटलं, बाई, हे बायांच्या सावलीसाठी आहे, तुमच्या स्वतःसाठी थोडंच आहे? त्या विसळलेल्या कपबशा पुसत म्हणाल्या, "आजवर लोकायला इचारत आले. आज उत्तर मनासारखं येईल का न्हाई ह्या भ्यानं खोटं इचारू? मंग पुण्याला काय वाईट व्हतं?" मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. राग येतो. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात जो थकवा होता, तो ऐकून मी मामाला बोलवायला खाली गेलो.

मैदानात दोन्हीकडची माणसं जमली होती. मामानं दगडाला पाणी घातलं, भंडारा उधळला, दोन दाणे लावले आणि हात जोडून पुटपुटत उभा राहिला. कोणी खोकलंसुद्धा नाही. लिंबाची पानं तेवढी हलत होती. मग डावा दाणा हलला, घसरला आणि ओट्यावर पडला. उजवा चिकटूनच होता. मामानं बाईंकडं पाहिलंही नाही. "देव न्हाई म्हणतोय," एवढं बोलून त्यानं घोंगडी सावरली.

कौसाबाईनं देवाला हात जोडले. मग डोळ्याला पदर लावला. बोराडे सर बाईंजवळ आले, घुटमळले. "मॅडम, खरं सांगतो, मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी जमवून आणाल." बाई म्हणाल्या, "मला बी वाटलं व्हतं, सर."

दिवाळीनंतर भिंत आली, माणसाच्या डोक्याइतकी उंच. गेट कॉलनीच्या बाजूला. सकाळी उघडायचं, दुपारी आरतीनंतर बंद, संध्याकाळी परत उघडायचं. बाई सरांच्या घरी जाऊन बसल्या. मीही होतो. त्यांनी फक्त एवढंच मागितलं, की दुपारचं कुलूप नको. सरांनी खरोखर आश्चर्यानं विचारलं, "पण दुपारी कोण येणार, मॅडम? दुपारी तर सगळे झोपतात." त्यांच्या डोक्यावर कूलर घरघरत होता, आणि मला वाटतं त्यांना खरंच कळलं नव्हतं. बाईंनी दोनदा समजावून सांगितलं. सर म्हणाले, समितीपुढं ठेवतो. समितीनं किल्ली कोणाकडं ठेवायची यावर चर्चा केली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढची बैठक झाली की नाही, ते मला माहीत नाही.

त्या हिवाळ्यात बाईंनी ऑफिस हळूहळू आवरायला घेतलं. भांडण नाही, रडणं नाही. हातातले बंगले पुरे केले, नवे घेतले नाहीत. सकाळचं "लई थकले बा" तेवढं बंद झालं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मला त्यांनीच एका ठेकेदाराकडं लावून दिलं. जाताना टेबलावरचा पंखा घेऊन जा म्हणाल्या. मी नेला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या वैशाखात. ठेकेदाराच्या कामानं वस्तीकडच्या रस्त्यानं चाललो होतो. तीनचा सुमार, डांबर मऊ झालेलं. कुंभारखाणीच्या भिंतीपलीकडं लिंब तसाच डवरलेला होता, त्याच्याखाली चिटपाखरू नव्हतं. अलीकडं, भिंतीच्या पायथ्याशी, ऊन कललं की सावलीची एक अरुंद पट्टी पडते. त्या पट्टीत वस्तीतल्या बाया एका ओळीत, भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यात देवकते बाई.

मी गाडी लावली. कौसाबाईनं ओळखलं, "या की भाऊ," म्हणाली, पण त्या पट्टीत माझ्यापुरती जागाच नव्हती. मी उभाच राहिलो. जुनी खोड, हात आपोआप खिशातल्या टेपवर गेला. भिंतीला लागून पत्र्याचं एक छप्पर काढलं तर? खाली चांगला दोन हात रुंद कट्टा, रस्त्यापासून आडोसा. ठेकेदाराचं उरलंसुरलं सामान पडून होतं, मी सहज जमवू शकलो असतो. मी उत्साहानं सांगत होतो आणि टेपचं टोक भिंतीला लावायला वाकलोसुद्धा.

"ठेव ते," बाई म्हणाल्या.

"बाई, खर्च काही नाही. दोन दिवसांचं काम."

"इथं काई बांधू नको, सुधाकर." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "एवढी पट्टी हाय, ती कोणाच्या नजरेत आली न्हाई अजून. नीटनेटकं काई केलं, की कोणीतरी कुलूप घेऊन येतंय. हे असंच राहू दे."

मी टेपचं टोक सोडलं. टेप आपोआप सरकन आत गेला. बाया एकमेकींना चिकटून सरकल्या, जेमतेम जागा झाली, आणि बाई तिथंच मातीत कुशीवर आडव्या झाल्या. पदर तोंडावर ओढला. बघता बघता त्यांचा श्वास संथ झाला. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. सावली पुरेशी नव्हती, त्यामुळं पाय उन्हात राहिले होते. कौसाबाईनं डोक्यावरचं ओलं फडकं काढलं आणि त्यांच्या पायांवर टाकलं.